पत्ते, फुगे आणि करंट

“पडद्यावरचे फुगे फोडून लुळा हात सुधारत असता, तर जत्रेतल्या बंदूकवाल्याने कधीच दवाखाना थाटला असता.” आमच्या व्यवसायातले एक ज्येष्ठ गृहस्थ हे वाक्य जमेल तिथे टाकतात आणि दरवेळी हशा वसूल करतात. वाक्य झकास आहे, मीही हसले आहे. पण फिजिओथेरपीत हालचाल ओळखणारे गेम वापरावेत की नाही, या प्रश्नाचा निकाल या एका विनोदावर लागू लागलाय, म्हणून हा प्रतिवाद.

आधी ज्यांच्या तोंडी हा विनोद शोभतो, त्यांच्या दवाखान्यांत काय चालतं ते पाहू. पनवेल स्टेशनसमोर, नवीन पनवेलच्या सेक्टरांत, जुन्या गावात, कुठेही दुपारी डोकवा. पडदे लावलेल्या तीन-चार खाटा असतात. एकीवर गुडघ्याच्या मावशी शेक घेताहेत. दुसरीवर पॅरालिसिसचे काका, हाताला दोन ठिकाणी पॅड चिकटवलेले, करंट चालू, आणि काका एक तर मोबाइल बघताहेत किंवा चक्क घोरताहेत. टायमर वाजतो, मदतनीस मुलगी पॅड काढते, “उद्या या काका.” याला सिटिंग म्हणतात. दहा सिटिंगचं पॅकेज असतं. पेशंट खूश असतो, कारण ‘मशीन लावलं’. त्याच पेशंटला अर्धा तास व्यायाम करून घेतला की घरच्यांच्या कपाळाला आठी पडते: व्यायाम काय, घरीही होतो, त्याचे कसले पैसे?

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. मेंदूला झटका बसून गेलेला हात परत आणायचा असेल, तर तो हात त्या माणसाने स्वतः, हेतू ठेवून, शेकडो वेळा हलवावा लागतो. जे साधन हे करवून घेतं ते उपचाराचं साधन, मग ते खेळण्यांच्या दुकानातून आलेलं असो. आणि जे साधन माणसाला झोपवून ठेवतं ते दिसायला कितीही डॉक्टरी असलं, तरी हाताचं काम शिकवण्याच्या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादितच. करंटला जागा नाही असं मी म्हणत नाही. पेशंट मनगट उचलायचा प्रयत्न करत असताना त्या प्रयत्नाला जोड म्हणून दिलेल्या करंटला चांगली जागा आहे. घोरणाऱ्या काकांच्या हाताला दिलेल्या करंटला मात्र फक्त बिलात जागा आहे.

आता गेमबद्दल. २००६ च्या अखेरीस निन्टेन्डोने ‘वी’ हे यंत्र बाजारात आणलं. हातात रिमोटसारखी कांडी धरायची, ती हलवली की पडद्यावरची टेनिसची रॅकेट हलते. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं ‘कायनेक्ट’ आलं आणि हातातली कांडीही गेली. न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी समोरच्या माणसावर टाकायची, ती कुठे कशी सरकली यावरून अंतर काढायचं आणि अंगातले वीस सांधे सेकंदाला तीस वेळा टिपायचे, हे त्याचं काम. पोरांसाठी केलेली ही वस्तू बघता बघता जगभरच्या पुनर्वसन केंद्रांत शिरली. कारण उघड होतं. सांध्यांची हालचाल मोजणारी प्रयोगशाळेतली कॅमेऱ्यांची यंत्रणा लाखोंच्या घरात जाते, आणि हे खेळणं काही हजारांत मिळत होतं.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार पुरावा २०१६ चा आहे, आणि तो खरोखर वजनदार आहे. टोरांटोचे गुस्तावो सपोस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एव्हरेस्ट’ नावाचा अभ्यास ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त छापला. चार देशांतली १४ केंद्रं, नुकताच स्ट्रोक होऊन गेलेले १४१ पेशंट. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच चालू होते. त्यावर निम्म्या लोकांना दोन आठवड्यांत तासाभराची दहा सत्रं ‘वी’वर खेळायला दिली. उरलेल्या निम्म्यांना तितकाच वेळ दिला, पण त्यांनी काय केलं? पत्ते खेळले, हौजी खेळले, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचला, चेंडू टाकला. शेवटी हाताच्या कामाची चाचणी घेतली तर दोन्ही गट सारखेच. याच चमूने २०१० साली फक्त २२ जणांवर केलेल्या छोट्या अभ्यासात ‘वी’ सरस दिसली होती. मोठ्या अभ्यासात तो फरक विरघळून गेला.

झालं! “पत्त्यांनी हरवलं तुमच्या मशीनला,” असं म्हणून विषय संपवला जातो.

पण निकाल नीट वाचा. दोन्ही गट सुधारले. दोन्ही गट खेळत होते. पत्ते पिसताना अंगठा बोटांच्या समोर आणावा लागतो, पान धरताना चिमटी जमवावी लागते, पान टाकताना मनगट वळवून बोटं मोकळी सोडावी लागतात, आणि डाव जिंकायचा असेल तर हे सगळं तास-तासभर, कुणी ‘करा करा’ म्हणून मागे न लागता होतं. आमच्याकडे गणपतीत रात्ररात्र मेंढीकोट रंगतो, तो कोणी व्यायाम म्हणून खेळत नाही; पण लुळ्या पडू पाहणाऱ्या हातासाठी इतका कसून व्यायाम मला टेबलावर बसवून करवून घेता येत नाही. सपोस्निकांच्या चमूचा स्वतःचा अर्थही हाच: सराव भरपूर आणि कामाला धरून असेल, तर तो कोणत्या साधनाने झाला हे फारसं महत्त्वाचं नाही. नुसती खाटेवर पडून राहिलेली माणसं या अभ्यासात तुलनेला नव्हती, त्यामुळे सुधारणेतला किती वाटा शरीराच्या आपसूक भरून येण्याचा, हे यातून काढता येत नाही. ही मर्यादा मला मान्य आहे. पण पडद्यावरच्या खेळाची बरोबरी पत्त्यांच्या खेळाशी झाली, यावरून खेळ निरुपयोगी ठरला असं म्हणणारा माणूस सामना बरोबरीत सुटल्यावर प्रेक्षकाला विजयी घोषित करतो आहे. आणि हे म्हणताना त्याच्या दवाखान्यातला तो प्रेक्षक पॅड लावून झोपलेला आहे.

दुसरा पुरावा जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा. २०१७ च्या आवृत्तीत ७२ चाचण्या आणि २४७० पेशंट होते. नेहमीच्या थेरपीऐवजी तितकाच वेळ पडद्यावरची थेरपी दिली तर हाताला जास्तीचा फायदा दिसला नाही. नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिली, म्हणजे एकूण वेळच वाढला, तर दिसला. २०२५ च्या नव्या आवृत्तीत चाचण्या पुष्कळ वाढल्या आणि तुलनेत थोडासा फायदा पडद्याच्या बाजूने झुकला. थोडासाच. यात चमत्कार कुठेच नाही, आणि कंपन्यांच्या चकचकीत पत्रकांत तो छापला जातो तेव्हा मलाही राग येतो. पण पुन्हा तेच: वेळ वाढला, हालचाली वाढल्या, की फरक पडतो. हालचालींचा दुष्काळ किती आहे, ते २००९ साली कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या दवाखान्यांत बसून मोजलं होतं. स्ट्रोकच्या पेशंटच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी किती? ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकडो लागतात. हा आकडा तिकडच्या सुसज्ज केंद्रांचा. आपल्याकडे खाटेवरच्या वीस मिनिटांत तो कुठे जात असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. दर चार सेकंदांनी एक फुगा आला तर दहा मिनिटांत दीडशे वेळा हात पुढे जातो. साधा गुणाकार आहे.

‘हे परदेशी फॅड आहे’ असं म्हणणाऱ्यांना तर मुंबईचाच इतिहास माहीत नाही. कामातून आणि खेळातून हात घडवायची विद्या आपल्याकडे कमलाबाई निंबकरांनी आणली. जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी, लग्नाने निंबकर झालेल्या या बाईंनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. पेशंटला विणायला, रंधा मारायला, काहीतरी बनवायला द्यायचं आणि त्यातून खांदा, कोपर, बोटं कामाला लावायची, ही ती विद्या. ‘हे काय उपचार झाले, हे तर काम झालं’, असं तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल. आणि पनवेलकरांना तर परळपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याच तालुक्यात नेऱ्याला शांतिवन उभं राहिलं ते कुष्ठरोगातून बाहेर आलेल्या माणसांना पुन्हा उभं करण्यासाठी. कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून एका स्नायूचं काम दुसऱ्याला दिलं, की खरी मेहनत पुढे असते. त्या स्नायूला त्याचं नवं काम शिकवावं लागतं, आठवडेच्या आठवडे, पुन्हा पुन्हा, वस्तू उचलत आणि ठेवत. तिथे मशीनखाली झोपून भागत नाही.

इथवर माझी बाजू सोपी होती. आता ज्यांच्या बाजूने मी बोलते आहे त्यांचीही थोडी झडती घेते, कारण गेमची विक्री करणारे लोक विनोद करणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतात.

सेन्सरला हात फुग्यापर्यंत पोचला हे कळतं. कसा पोचला हे त्याला, किंवा निदान बाजारातल्या साध्या गेमला, कळत नाही. आमच्याकडे येणारे एक निवृत्त एसटी कंडक्टर, उजवी बाजू गेलेली. गेमवर स्कोर रोज वाढत होता. सूनबाई फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकत होत्या. मी बाजूला उभी राहून कोपराकडे बघितलं. कोपर होतं तिथेच, काटकोनात अडकलेलं. फुगा आला की काका कमरेतून पुढे झुकत, खांदा कानाला लावत आणि सगळ्या धडाने हात फुग्यावर फेकत. सेन्सर म्हणत होता, शाबास. खरं तर ते रोज शंभर वेळा चुकीची सवय पक्की करत होते. मग एक जुनी ओढणी घेतली आणि त्यांची छाती खुर्चीच्या पाठीला बांधली. पुस्तकी युक्ती आहे, माझी नाही. धड जागेवर राहिलं की पोचण्यासाठी कोपर उघडावंच लागतं. स्कोर धाडकन खाली आला. काका वैतागले, “मॅडम, खेळाची मजा घालवलीत तुम्ही.” घालवलीच. पण सूनबाईंना मी आता स्कोरचा नाही, कोपराचा फोटो काढायला सांगते.

म्हणून ‘फिजिओ कमी आहेत, गेम बसवा’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद मला विनोदापेक्षा घातक वाटतो. कामोठ्याला एमजीएमचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, दरवर्षी मुलंमुली पास होतात. मालडुंगे किंवा आपट्यासारख्या गावातल्या पेशंटपर्यंत त्यांच्यापैकी कोणी पोचत नाही, हे खरं. पण त्यावर ‘घरच्यांना शिकवा, घरी करतील’ हा उपाय भारतात तपासून झालेला आहे. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १२५० स्ट्रोकचे पेशंट होते. निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम करून घ्यायला पद्धतशीर शिकवलं. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन किती, तर दोन्हीकडे ४७ टक्के. घरच्यांची माया कमी पडली असं नाही; पण मायेला कोपर दिसत नाही. याउलट अमेरिकेतल्या ‘व्हेरिटास’ चाचणीत गुडघा बदललेल्या तीनशेच्या आसपास लोकांपैकी निम्म्यांना कायनेक्टच्या धर्तीवरच्या यंत्रणेने घरीच व्यायाम दिला आणि दूरवरून थेरपिस्ट लक्ष ठेवून होता. बारा आठवड्यांनी निकाल दवाखान्यात जाणाऱ्यांइतकाच चांगला आला आणि खर्च कमी झाला. गुडघा आणि मेंदू एकाच तराजूत घालता येत नाहीत, तरी माझ्या दृष्टीने फरक स्पष्ट आहे: पडद्यामागे जाणकार माणूस होता.

विक्रेत्यांना आणखी एक विचारायचं आहे. हे खेळ बनवताना तुम्ही आमच्या पेशंटला पाहिलंत का? बोलिंग, टेनिस, बर्फावरची घसरण! माझ्या पेशंटला मांडी घालून पंगतीला बसायचंय, उकिडवं बसून संडासला जायचंय, लोकलच्या पायरीवर एका दमात पाय ठेवायचाय. खाली बसलेल्या माणसाचे सांधे एकमेकांआड गेले की कॅमेरा गोंधळतो. साडीतला गुडघा त्याला धड दिसत नाही. कायनेक्टला एका माणसासाठीच सहा फूट मोकळी जागा हवी. नवीन पनवेलच्या वन आरकेमध्ये सहा फुटांत पलंग, कपाट आणि गॅसची टाकी मावते. मधूनच नातू समोरून पळाला की यंत्र आजोबांना सोडून नातवाला धरतं आणि आजोबांचा स्कोर अचानक ऑलिंपिकच्या दर्जाचा होतो. शिवाय खेळण्याच्या कंपनीवर दवाखाना उभारण्यातला धोका वेगळाच. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये कायनेक्टचं उत्पादन बंद केलं आणि ज्यांनी त्यावर सगळी मांडणी केली होती त्यांच्या हाती सुटे भाग राहिले. आता साध्या फोनच्या कॅमेऱ्यातून सांधे ओळखणारी सॉफ्टवेअर आली आहेत, हैदराबादच्या एका कंपनीने हाताच्या थेरपीसाठी खेळ जोडलेलं देशी यंत्र काढलंय, वेल्लोरच्या सीएमसीने आयआयटी मद्रासबरोबर हाताचं लहानसं यंत्र बनवलंय. दिशा बरी आहे. मात्र ‘व्हीआर पॅकेज’ अशी पाटी लावून दुप्पट फी घेणारा आणि पेशंटला पडद्यासमोर एकटं सोडून शेजारच्या खाटेवर करंट लावायला जाणारा, हा माझ्या लेखी त्या जुन्या दवाखान्याचाच नवा अवतार आहे. टायमरऐवजी स्कोर वाजतो, इतकंच.

‘खेळताना इजा होते’ हा आक्षेप फार वेळ घेण्यासारखा नाही. २००७ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने कित्येक तास टेनिसचा गेम खेळून स्वतःचाच खांदा दुखावून घेतला आणि त्या दुखण्याला गमतीने ‘वीआयटिस’ असं नाव देऊन ‘न्यू इंग्लंड जर्नल’ला पत्र लिहिलं. प्रमाणाबाहेर भाकऱ्या थापल्या तरी खांदा दुखतो. तोल जाणाऱ्या पेशंटला उभ्याने खेळवताना मागे माणूस हवा, हे मात्र गंभीर आहे, आणि ते पुन्हा माझ्याच मुद्द्यावर येतं.

उरला शेवटचा आणि मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा आक्षेप. “पत्त्यांनी तेवढंच काम होत असेल तर पत्तेच द्या की! पन्नास रुपयांत भागेल.” देते. ज्यांच्या घरी भिडू आहेत त्यांना मी आधी पत्तेच सांगते, धडधाकट हाताने नाही, दुखऱ्या हाताने पिसायचे, हरलात तरी चालेल. पण पनवेलमधल्या घरांचं वेळापत्रक बघा. मुलगा सकाळच्या लोकलने सीएसएमटीला, सून तळोजा एमआयडीसीत, नात शाळा-क्लासमध्ये. सकाळी साडेआठ ते रात्री आठ घरात एकटे आजोबा आणि एकटा त्यांचा उजवा हात. मेंढीकोटाला चार माणसं लागतात, आणि त्या चारांतली तीन दिवसभर घराबाहेर आहेत. या जवळजवळ बारा तासांत आजोबांकडून कोण दीडशे वेळा हात उघडून घेणार? दूरदर्शनवरची मालिका नक्कीच घेणार नाही. तिथे फोनच्या स्टँडवरचा एक साधा खेळ, आठवड्यातून दोनदा कोपराकडे बघणारी थेरपिस्ट, आणि संध्याकाळी व्हिडिओवर पाच मिनिटांची तपासणी, एवढं मला हवं आहे. ज्यांना हे खेळणं वाटतं त्यांनी दुपारी दोन वाजता तीन भिडू घेऊन यावं. मी गेम बंद करून पत्ते वाटायला बसेन, आणि त्या सिटिंगची फी घेणार नाही.